एका पिस्तुलाचे चार जिल्हे

परवाना पुस्तिकांच्या गठ्ठ्यातला पहिला शिक्का बिदरचा आहे. त्यानंतरची नूतनीकरणे उस्मानाबादची, मग काही लातूरची आणि शेवटची पाने नांदेडची. पहिल्या तिन्ही जिल्ह्यांच्या काळात पिस्तूल जागचे हललेले नाही. उदगीरच्या एका वकिलाच्या घरी, सागवानी कपाटाच्या वरच्या खणात ते पडून होते. बदलत गेला तो जिल्हा.

ते वकील म्हणजे माझ्या आईचे वडील. त्यांनी परवाना घेतला तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यरचनेत हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. बिदर म्हैसूर राज्यात गेले, पण त्या जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे मराठी तालुके उस्मानाबादला जोडले गेले. 16 ऑगस्ट 1982 ला उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. पुढे आजोबा गेले आणि मामांनी परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला. ते नांदेडला प्राध्यापक होते, म्हणून चौथा शिक्का नांदेडचा. नांदेडच्या हद्दीही 1956 मध्ये अशाच हलल्या होत्या. मुधोळ तालुका आदिलाबादकडे गेला, किनवट आदिलाबादकडून इकडे आला. मराठवाड्यात जुन्या शस्त्राचा माग काढायला बसले की आधी हा हद्दींचा हिशेब मांडावा लागतो. कोणत्या गावाचे दप्तर आज कोणत्या राज्यात आहे हे कळल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

मामा गेल्यावर हा गठ्ठा उघडावा लागला, कारण कायदा थांबत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र घरात ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला हवे असेल तर त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे नव्याने अर्ज करायचा. 2016 च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिले, तर हयातीतही ते वारसाकडे देण्याची वाट तिने मोकळी ठेवली आहे. मामांना ती वाट माहीत होती, पण त्यांनी ते केले नाही. ‘मी गेल्यावर बघा,’ एवढेच म्हणायचे. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, आणि त्यात वडिलोपार्जित शस्त्रही धरले जाते. आमच्याकडे एकच असल्याने तो प्रश्न आला नाही. प्रश्न आला तो प्रतिज्ञापत्रात. मूळ परवानाधारकाला हे शस्त्र कोणाकडून आणि कसे मिळाले, हे मामेभावाला तिथे लिहायचे होते.

घरात त्याचे उत्तर पाठ होते. लहानपणी खंडेनवमीला पिस्तूल पाटावर ठेवले जाई, आजी हळदकुंकू वाही, आणि कोणीतरी वडीलधारे सांगे की हे रझाकाराकडून हिसकावून घेतलेले आहे. सांगणाऱ्याला रंग चढला की त्यात उमरीची बँकही यायची. आम्ही मुले ते ऐकून शाळेत सांगत असू, आणि आमची कॉलर ताठ होत असे. मराठवाड्यातल्या अनेक घरांत अशी एक वस्तू असते, तलवार, बर्ची, ठासणीची बंदूक, आणि तिच्यामागे असा एक प्रसंग असतो. त्यातले पुष्कळ प्रसंग खरेही आहेत. म्हणूनच आमचा प्रसंग तपासून पाहणे मला गरजेचे वाटले.

सुरुवात लोखंडापासून केली. जमा करण्यापूर्वी शस्त्रविक्रेत्याने त्याच्या दुकानात पिस्तूल रिकामे करून मॅगझीन बाजूला ठेवले आणि आम्हाला खुणा दाखवल्या. वेब्ली अँड स्कॉट, लंडन आणि बर्मिंगहॅम. बोअर पॉइंट थ्री टू, म्हणजे युरोपात ज्याला 7.65 मिलिमीटर म्हणतात ते. चौकोनी दिसणारे हे पिस्तूल लंडनच्या पोलिसांनी 1911 मध्ये स्वीकारले होते, आणि खासगी गिऱ्हाइकांसाठीही ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत बनत राहिले. नळीवर मुकुटाखाली बी.व्ही., बी.पी. आणि एन.पी. अशी अक्षरे. ही बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसची मुद्रा. 1813 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झालेल्या या संस्थेत प्रत्येक नळी जास्त दारू भरून उडवून पाहतात आणि ती टिकली तरच शिक्का मारतात. या तीन खुणा 1904 ते 1954 या काळातल्या. म्हणजे पिस्तूल त्याआधी बनले नाही, त्यानंतरही नाही. हेच बेल्जियमचे असते तर लंबवर्तुळात ई.एल.जी. ही लिएज शहराची खूण मिळाली असती, आणि डोक्यावर मुकुट असता तर ते 1893 नंतरचे ठरले असते.

त्याहून मोलाची गोष्ट होती ती म्हणजे जी खूण नव्हती. ब्रिटिश सरकारच्या मालकीच्या शस्त्रावर बाणाच्या टोकाची खूण असते. सरकारने ते विकून टाकले तर दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर येतात. आमच्या पिस्तुलावर यातले काही नाही. म्हणजे ते ब्रिटिश फौजेच्या भांडारातून आलेले नाही. कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून गिऱ्हाइकाकडे गेलेला हा खासगी माल.

1948 च्या उन्हाळ्यात सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांतून हैदराबाद संस्थानात शस्त्रे उतरवत होता. बिदरची धावपट्टी त्यातली एक, आणि बिदर ते उदगीर हा रस्ता लांबचा नव्हे. लहानपणी ऐकलेल्या कथेला हा दुवा चांगला जुळला असता. पण विमानातून येणारा माल फौजेसाठी असतो, एकेका वतनदाराच्या खिशासाठी नसतो. लोखंडाने कथेला पहिला धक्का दिला तो इथे.

क्रमांक मात्र लोखंडाचा सगळ्यात बोलका भाग असतो, आणि देशातल्या मोठ्या खटल्यांचा माग क्रमांकानेच लागला आहे. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींवर ज्यातून गोळ्या झाडल्या गेल्या ते बेरेटा पिस्तूल 606824 क्रमांकाचे होते. हा इटलीचा माल ग्वाल्हेरमध्ये नथुरामच्या हाती पडला, इथवरचा माग तपासात लागला. ग्वाल्हेरच्या मागे त्याच्याबद्दल ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्या गोष्टीच आहेत. भगतसिंगांचे कोल्ट पिस्तूल, क्रमांक 168896, त्याहून शिकवणारे. 1928 मध्ये इंग्रज पोलीस अधिकारी साँडर्सवर झाडले गेलेले ते शस्त्र अनेक दशके इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेत, रंगाच्या थराखाली, कोणाला पत्ता न लागता पडून होते. एका पत्रकाराने जुन्या नोंदीतला क्रमांक धरून पाठपुरावा केला, 2016 च्या सुमारास रंग खरवडला, आणि खाली तोच क्रमांक निघाला. आता ते हुसैनीवालाच्या संग्रहालयात आहे. रंगाखाली क्रमांक होता, पण तो ओळखता आला तो कुणीतरी जुन्या वहीत लिहून ठेवला होता म्हणून.

मराठवाड्याशी सर्वांत जवळची अशी गोष्ट 1909 ची आहे. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन या इंडिया हाउसच्या आचाऱ्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली. त्यातल्या एकाने 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. कान्हेरे त्या आधी औरंगाबादेत, म्हणजे निजामाच्या हद्दीत राहत होते. नाशिक, पेण, मुंबई, लंडन असा मागोवा पोलिसांनी काढला तो मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबानीवर, आणि अमीन त्यातला एक. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पिस्तुलाचा प्रवास माणसांच्या तोंडून कळायला कोणी ना कोणी बोलावे लागते. आमच्याकडे बोलणारे कोणी उरले नव्हते. उरला होता कागद.

गठ्ठ्याच्या तळाशी एक घडी केलेला, कडा पिवळ्या पडलेला उर्दू कागद होता आणि त्याला टाचलेली एक पावती. आजोबांना उर्दू येत होते. त्यांची सगळी वकिली उर्दूतच झाली, कारण निजामाच्या राज्यात न्यायालयाची आणि दप्तराची भाषा उर्दू होती. मामांना ती थोडी वाचता येई, मामेभावाला अजिबात नाही. दोन पिढ्यांत घरातलाच कागद घराला परका झाला. उदगीरच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी तो आम्हाला वाचून दाखवला. चष्मा वर करून त्यांनी आधी तारीख वाचली आणि म्हणाले, ‘इस्फंदार, तेराशे पंचेचाळीस फसली.’

हैदराबादचे फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे त्याचे महिने. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेत 590 मिळवायचे, जानेवारीपासून पुढे 591. इस्फंदार हा चौथा महिना, तेव्हा हा कागद 1936 च्या जानेवारी-फेब्रुवारीतला. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या सनदेला, जमिनीच्या उताऱ्याला हा हिशेब लागतो, आणि तो आता फार थोड्यांच्या बोटांवर आहे.

कागद म्हणजे एका जहागीरदाराला पिस्तूल बाळगण्याची परवानगी. शस्त्राचे वर्णन, बोअर, आणि क्रमांक. तोच क्रमांक. टाचलेली पावती करोडगिरीची होती, म्हणजे संस्थानाच्या जकात खात्याची. ब्रिटिश मुलखातून माल आत आला की करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. पावतीवर किंमत कलदार रुपयांत लिहिली आहे. संस्थानाचे स्वतःचे नाणे हाली सिक्का, आणि सात हालीला सहा कलदार असा भाव असे. पिस्तूल हैदराबादच्या दुकानात घेतले असते तर किंमत हालीत असती. कलदार आहे म्हणजे ते इंग्रजी मुलखातून आले. त्या काळी मुंबईचा बराच माल कुर्डुवाडीहून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने यायचा. ती गाडी लातूरपर्यंत 1911 मध्ये पोहोचली होती, आणि तिथून पुढे उदगीरला बैलगाडी किंवा मोटार. बर्मिंगहॅमची नळी अशी बहुधा मुंबईमार्गे मराठवाड्यात उतरली, आणि ती उतरवून घेणारा माणूस आमचा नव्हता.

तो कोण, हे आजोबांच्या पहिल्या परवाना पुस्तिकेत स्पष्ट आहे. बिदरच्या शिक्क्याखाली 1951 ची तारीख, आणि शस्त्र कसे मिळाले या रकान्यात ‘खरेदी’. पुढे विकणाऱ्याचे नाव. उर्दू कागदावरचे आणि हे, दोन्ही नावे एकच. त्या घराण्याचे वंशज आज हयात आहेत म्हणून नाव लिहीत नाही, नुसते खानसाहेब म्हणतो.

पंधरा ऑगस्ट 1949 च्या जहागीर रद्द करण्याच्या हुकमाने हैदराबादच्या जहागीरदारांचे उत्पन्न सरकारकडे गेले. ठरावीक मोबदला मिळायचा होता, पण तो हप्त्याहप्त्याने. घोडे, गालिचे, चांदीची भांडी, बंदुका बाजारात आल्या, आणि विकत घेणारे होते गावातले वकील, आडते, शिक्षक. आजोबा त्यातले एक. खानसाहेबांचे खटले ते चालवत असत, आणि त्यांच्यात घसटही होती, असे मामी सांगतात. मामींनी ते त्यांच्या सासूकडून ऐकलेले. म्हणजे खरी गोष्ट घरात होतीच, फक्त ती बायकांच्या बोलण्यात होती. पाटावरच्या पिस्तुलाची कथा पुरुष सांगत, आणि त्यात खानसाहेब नव्हते.

‘खानसाहेबांकडून घेतले’ याचे ‘रझाकाराकडून हिसकावले’ कधी झाले हे नेमके सांगता येणार नाही, पण कसे झाले ते मला दिसते. विकणारा मुसलमान होता. काळ 1948 च्या आगेमागचा होता. कासीम रझवी लातूरला वकिली करणारा माणूस, त्याच्या रझाकारांनी मराठवाड्याची गावे जाळली, लुटली. बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ स्वातंत्र्यसैनिक गोविंदराव पानसऱ्यांचा खून 1946 मध्ये झाला. हे सगळे आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले, सोसले. त्या आठवणीत एका मुसलमान माणसाने पिस्तूल विकले हा साधा व्यवहार टिकणे अवघड होते. तो लढ्यात ओढला गेला. मला याचे वाईट वाटते, आणि कुटुंबाबद्दलचे प्रेम कमी न करता मी हे लिहितो.

उमरीच्या बँकेचे नाव आमच्या गोष्टीत अकारण घेतले गेले, हे मला त्याहून जास्त खटकते. उमरखेडच्या छावणीतल्या मुक्तिसैनिकांनी 30 जानेवारी 1948 ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरी इथली हैदराबाद स्टेट बँकेची शाखा लुटली. वीस लाखांहून अधिक रुपये हाती लागले. या कृतीची आजही सांगितली जाणारी खरी ओळख म्हणजे त्या पैशाचा ठेवलेला चोख हिशेब. हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या शिस्तीत वाढलेल्या माणसांनी लढाईच्या गर्दीतही जमाखर्च लिहिला. ज्यांनी इतका काटेकोर कागद ठेवला, त्यांच्या नावावर आम्ही विनाकागद एक गोष्ट खपवत होतो.

आणि 1948 मध्ये शस्त्रे दुसऱ्या वाटेनेही घरोघर पोचली. 13 ते 17 सप्टेंबरच्या हैदराबादवरील पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्यांची पाहणी करायला सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. त्यांच्या अहवालाने सर्वांत जास्त नुकसान झालेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे घेतली, आणि मृतांचा कमीत कमी अंदाज 27,000 ते 40,000 असा दिला. हा अहवाल अनेक दशके अधिकृतपणे प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे अत्याचार आणि हे, दोन्ही एकाच वर्षाचे, एकाच मातीतले. ‘रझाकाराचे’ म्हणून ठेवलेल्या कितीतरी वस्तू खरोखर लढाईत हाती लागल्या असतील, काही रिकाम्या पडलेल्या घरांतून आल्या असतील. कागद नसेल तर दोन्ही वस्तू सारख्याच दिसतात. आमच्याकडे कागद होता म्हणून आमच्या आजोबांनी पिस्तूल विकत घेतले, पैसे मोजून घेतले, हे मला ठामपणे म्हणता येते. हा मोठा दिलासा आहे. हिसकावलेल्या पिस्तुलापेक्षा विकत घेतलेल्या पिस्तुलाचा मला जास्त अभिमान वाटतो.

नांदेडला राहून शस्त्राच्या वारशाबद्दल बोलताना हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा उल्लेख टाळता येत नाही. गुरू गोविंदसिंगजी 7 ऑक्टोबर 1708 ला इथे ज्योतीज्योत समावले. त्यांची शस्त्रे तख्ताच्या आत जपून ठेवलेली आहेत. दिवाळीच्या दिवसांत तख्तस्नान होते. गोदावरीचे पाणी घागरींतून येते, शस्त्रे उजळली जातात, आणि हे पिढ्यान्पिढ्या अखंड चालू आहे. तिथे वस्तू आणि तिची ओळख यांच्यात कधी खंड पडला नाही, कारण ती सांभाळणारी माणसे कधी थांबली नाहीत. खासगी घरात असा अखंडपणा नसतो. आमच्याकडे तो आजोबांच्या वकिली सवयीने सांभाळला. त्यांनी 1951 ची पुस्तिका फेकली नाही, उर्दू कागद फेकला नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेत ठाण्यात पिस्तूल जमा केल्याच्या पावत्यासुद्धा त्यांनी आणि नंतर मामांनी एकात एक ठेवल्या. प्रत्येक पावतीवर तोच क्रमांक. एकही पावती अशी नाही जी आधीच्या पावतीशी जुळत नाही.

कागद वाचून झाल्यावर मी बिदरला त्या घरी गेलो. जुन्या किल्ल्यालगतच्या गल्लीत खानसाहेबांचे नातू राहतात, शाळेतून निवृत्त झालेले. मराठी आणि दखनी मिसळून बोलतात. पिस्तुलाचे नाव काढताच ते म्हणाले, ‘आमच्या दादांनी सगळं विकलं, पण कुणाला विकलं ते सांगत नव्हते. लाज वाटायची त्यांना.’ मी उर्दू कागदाची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी आपल्या दादांची सही ओळखली नाही, कारण त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. मात्र करोडगिरीची पावती पाहून त्यांनी लगेच विचारले, किंमत किती होती. मी सांगितली. ‘आणि वकीलसाहेबांनी किती दिले?’ तेही पुस्तिकेत होते. 1936 च्या किमतीपेक्षा 1951 ची किंमत कमी नव्हती, उलट थोडी जास्तच होती. ते हसले आणि म्हणाले, मग दादांचे नुकसान झाले नाही.

घरात दुसरी चर्चा सुरू झाली ती पिस्तूल पुढे कोणाकडे जावे याची. मामेभावाला ते बाळगायचे नाही, पण आजोबांची वस्तू म्हणून घरात असावी असे मामींना वाटते. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना परदेशी पिस्तुले आयात करणे जवळजवळ बंद झाले, त्यामुळे अशा जुन्या विलायती पिस्तुलांना विक्रेते चांगला भाव सांगतात. तरीही विकायचे नाही असे ठरले. बिदरच्या घरी द्यावे का, हेही बोलून झाले. खानसाहेबांच्या नातवांनी स्वतःच नको म्हटले. कर्नाटकात परवाना, पडताळणी, नूतनीकरण हे सगळे या वयात कशाला, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यांना प्रत पुरेशी होती.

शेवटी मामेभावाने नांदेडला अर्ज दिला. पडताळणी चालू आहे आणि तोवर पिस्तूल जमा आहे. प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्याने मला वाचायला पाठवला होता. शस्त्र कोणाकडून आणि कसे मिळाले या मुद्द्यावर त्याने आधी ‘वडिलोपार्जित’ एवढेच लिहिले होते. ते खोडून त्याने लिहिले की हे शस्त्र माझ्या आजोबांनी सन 1951 मध्ये त्या वेळच्या बिदर जिल्ह्यातील उदगीर येथे विकत घेतले, आणि त्यापुढे खानसाहेबांचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, उर्दू कागदात आहे तसे लिहिले.